पगार गुरुजींचा, खर्च शाळेचा

शिक्षकांचा मोर्चा निघाला की पारावर आणि व्हॉट्सॲपच्या गटात एकच प्रश्न फिरतो: एवढा पगार घेऊन यांना आणखी काय हवंय? २५ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक सामूहिक किरकोळ रजा टाकून राज्यभर रस्त्यावर उतरले, तेव्हाही हेच झालं. त्या मोर्चाच्या मुळाशी मात्र दोन शासन निर्णय होते. एक १५ मार्च २०२४चा, संचमान्यतेबद्दलचा, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं मंजूर करण्याबद्दलचा. दुसरा त्याच सप्टेंबरातला, कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा. कुठल्या शाळेला किती शिक्षक मिळणार, हा वाद होता. संघटनांची निवेदनं क्वचितच कोणी शेवटपर्यंत वाचतं, आणि ती लिहिलीही अशा भाषेत जातात की वाचवत नाहीत. त्यामुळे गैरसमजांना मोकळं रान मिळतं.

‘सरकार शाळांवर कोट्यवधी ओततं, मग पैसा नाही कसा?’

शिक्षणावरचा खर्च मोठा आहे, पण त्यातला फार मोठा वाटा वेतनाचा. ती रक्कम शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतून शिक्षकाच्या खात्यात जाते. शाळेच्या तिजोरीला तिचा स्पर्शही होत नाही. खडू, झाडू, वीजबिल, हजेरीपत्रकं, फुटलेला नळ यांसाठी शाळेच्या हातात पडतं ते समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. त्याचे दर पटावर ठरलेले आहेत. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. ही योजना २०१८-१९ मध्ये सुरू झाली.

आता तीस मुलांची शाळा घ्या. दहा हजार म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. त्यातला दहा टक्के हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा, असा नियम. उरलेल्या साडेसातशेत डिजिटल वर्गाच्या पडद्यापासून पंख्यापर्यंत सगळ्याचं वीजबिल, ऑनलाइन माहिती भरायला इंटरनेट, झेरॉक्स, प्रथमोपचाराची पेटी, रंगाचा एखादा डबा. शिवाय हे अनुदान जूनमध्ये येईल याची खात्री नाही. अनेकदा ते वर्षाच्या उत्तरार्धात, हप्त्याहप्त्याने येतं आणि मार्चच्या आत खर्चून हिशेब द्या असा तगादा लागतो. तोवर शाळा चालते ती मुख्याध्यापकाच्या खिशातून किंवा गावातल्या दुकानदाराच्या उधारीवर.

मोठ्या शाळेचं काय? पट दोनशे एकावन्न असो की नऊशे नव्वद, रक्कम पंचाहत्तर हजारच. म्हणजे हा तक्ता लहान आणि मोठ्या, दोन्ही टोकांना तोकडा पडतो.

पैसा कमी पडला की शासनाचा एक आवडता उपाय असतो: लोकसहभाग. २०२५च्या जानेवारीत पोषण आहारातल्या अंड्याचा आणि साखरेचा वेगळा निधी थांबला. मुलांना ते द्यायचंच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून सोय करावी, असं सांगण्यात आलं. ज्या गावात ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलपं आहेत, तिथे हा सहभाग कुठल्या लोकांकडून घ्यायचा? गावाने शाळेला हात लावावा, हे मलाही मान्य आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा गावांनीच उभ्या केल्या. पण ज्या शाळेला गाव श्रीमंत तिचीच भिंत रंगते, हेही तितकंच खरं.

‘पंधरा पोरांना दोन मास्तर म्हणजे चैन’

हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. शिक्षण आयुक्तालयाच्या २०२३च्या आकडेवारीप्रमाणे राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर शाळेमागे दोन शिक्षक आणि शिक्षकामागे सहा मुलं. वातानुकूलित कार्यालयात बसलेल्याला हा आकडा खटकणार, यात नवल नाही.

पण शिक्षकामागे मुलं सहा असली तरी ती एकाच इयत्तेतली नसतात. पहिली ते चौथीच्या शाळेत पहिली-दुसरीला मराठी, गणित, इंग्रजी. तिसरी-चौथीला त्यात परिसर अभ्यासाची भर. कला आणि शारीरिक शिक्षण सोडलं तरी चौदा पाठ झाले. दोन शिक्षक असतील तर बाई एका खोलीत पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन दुसरीला हातच्याची बेरीज समजावतात, आणि गुरुजी दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथीचं बघतात. तेवढ्यात तालुक्याहून फोन येतो, माहिती आजच्या आज हवी. गुरुजी मोटारसायकल काढतात. आता चारही इयत्ता बाईंपुढे, शिवाय खिचडी शिजली का ते बघायचं, वाटपाच्या अर्धा तास आधी चव घेऊन वहीत नोंद करायची आणि आज किती मुलं जेवली ते मोबाइलवर भरायचं. अशा शाळेत एकच शिक्षक ठेवला तर त्याच्या आजारपणात किंवा तालुक्याच्या बैठकीच्या दिवशी शाळेला कुलूप, नाहीतर शेजारच्या शाळेतून कोणाला तरी तात्पुरतं आणायचं, म्हणजे तिथला वर्ग उघडा पाडायचा. प्रसूतीची रजा १८० दिवसांची असते. रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी माणूस मिळण्याची खात्री नसते.

म्हणूनच शिक्षणहक्क कायद्याने हिशेब वेगळा लावला. २००९च्या या कायद्याच्या अनुसूचीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं स्पष्ट लिहिलं आहे. ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. दोन ही संख्या पटावरून आलेली नाही. शाळा म्हणून चालायला किमान एवढी माणसं लागतात, असा तिचा अर्थ. सहावी ते आठवीला तर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवाच.

संघटनांचा राग इथे आहे. १५ मार्च २०२४च्या निर्णयाने लहान शाळांतलं नियमित पद आणि वरच्या वर्गांतली पदं पटाच्या नव्या कात्रीत आणली. विसाच्या आत पट असलेल्या वरच्या वर्गांना नियमित शिक्षक मिळणारच नाही, ही भीती त्यातूनच आली. त्याआधी २०२३च्या जुलैत रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर नेमायची वाट काढली होती, तीही वयाच्या सत्तरीपर्यंत. कंत्राटी नेमणुकीचा सप्टेंबर २०२४चा निर्णय पुढे शासनाला मागे घ्यावा लागला. संचमान्यतेचा वाद मात्र संपला नाही.

संचमान्यतेत आणखी एक मेख आहे. पट धरला जातो ३० सप्टेंबरचा, आणि त्यातही ज्या मुलाचं आधार प्रणालीत वैध ठरलं तेच मोजलं जातं. नावातल्या एका वेलांटीमुळे आधार जुळलं नाही तर रोज बाकावर बसणारं मूल शिक्षक मंजूर करताना गैरहजर. पालावर राहणाऱ्या, वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हे सर्रास घडतं. म्हणजे ज्या मुलांना जास्त वेळ द्यावा लागतो, त्यांच्यामुळेच शाळेचं पद जायची वेळ.

लहान शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात, असाही मतप्रवाह आहे आणि तो सरसकट मोडीत काढण्यासारखा नाही. रस्ता, गाडी आणि सोबत जाणारं मोठं माणूस यांची हमी असेल तर चाळीस मुलांच्या शाळेत मूल जास्त रमेल. पण राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं आहे. सह्याद्रीच्या कुशीत किंवा सातपुड्यात पावसाळ्यातलं एक किलोमीटर काय असतं ते तिथल्या आईला विचारावं. गाडी बंद पडली की आधी मुलीची शाळा सुटते.

‘अतिरिक्त शिक्षक आहेत म्हणतात आणि भरतीही मागतात!’

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अतिरिक्त ठरतो तो एका शाळेतल्या, एका माध्यमाच्या, एका विषयाच्या पदावर. एका तालुक्यात मराठी माध्यमाचे पाच शिक्षक जास्त झाले म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातली उर्दूची किंवा गणित-विज्ञानाची जागा भरत नाही. ऑक्टोबर २०११च्या पटपडताळणीत बोगस पट उघडा पडला, ते योग्यच झालं. पण त्यानंतर मे २०१२ पासून भरतीच थांबली आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून ती पुन्हा मार्गी लागेपर्यंत कितीतरी वर्षं गेली. त्या काळात निवृत्त होणारे मात्र थांबले नाहीत. शिक्षणहक्क कायदा तर म्हणतो, रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत.

‘सगळ्यांनाच गलेलठ्ठ पगार’

सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं. पंचवीस वर्षं सेवा झालेल्याचा पगार चांगला असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नवा माणूस आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० मिळत. पुढे ते ६,००० झाले आणि बरीच वर्षं तिथेच गोठले. २०२३ पासून १६,००० मिळतात, माध्यमिकला १८,०००. घरापासून चार-पाचशे किलोमीटरवर नेमणूक झालेला तरुण त्यात भाडं, खानावळ आणि पेट्रोल भागवतो. विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित शाळेतले शिक्षक या पायरीवरही पोचलेले नसतात; अनुदानाच्या वीस टक्क्यांच्या पुढच्या टप्प्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसलेले असतात ते हेच लोक.

‘शाळाबाह्य काम म्हणजे पाच वर्षांतून एक निवडणूक’

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने तीनच कामांना मुभा दिली आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसदेच्या निवडणुका. मतदारयाद्यांच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की ते सुटीच्या दिवशी किंवा अध्यापन नसलेल्या वेळी द्यावं. प्रत्यक्षात मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून नेमलेल्या शिक्षकाला वेळापत्रक निवडायची सोय नसते.

इथे शिक्षकांच्या बाजूनेही एक गैरसमज आहे, तो सांगायला हवा. ‘अशैक्षणिक काम बेकायदा आहे, करणार नाही’ असं सरसकट म्हणता येत नाही. निवडणुकीचं काम नाकारलं तर कारवाई होऊ शकते, आणि संघटनेचं पत्रक तिथे ढाल होत नाही. २३ ऑगस्ट २०२४ला शासनाने शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची यादी काढली. यादीने थोडा दिलासा मिळाला. पण जास्त वेळ खाणारी कामं आता ‘शैक्षणिक’च्या रकान्यात बसतात: एकच माहिती तीन पोर्टलांवर, एकेका उपक्रमाचे फोटो आणि लिंक, आधार जुळवणी, आणि रात्री दहाला गटावर पडणारं ‘अतितातडीचे’.

‘प्रशिक्षणं तर सारखी चालूच असतात’

चालू असतात, खरं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक विकासाचं लक्ष्य आहे. पण दीक्षा या ऑनलाइन मंचावरचे व्हिडिओ पुढे सरकवून प्रमाणपत्र मिळवणं आणि अडलेल्या वर्गात कोणीतरी शेजारी उभं राहणं यांत फरक आहे. त्यासाठी केंद्रप्रमुखाचं पद होतं. दहाएक शाळांमागे एक, राज्यात ४,८६० पदं. त्यातली बरीच रिक्त राहिल्याने पदभार एखाद्या शिक्षकाकडेच जातो. मग तो आपल्या वर्गालाही पुरत नाही आणि केंद्रालाही. शाळाभेटीत वाचन तपासण्याऐवजी माहितीचे तक्ते गोळा होतात. वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांनी आणि निवडश्रेणी २४ वर्षांनी मिळते. त्यांच्यासाठी लागणाऱ्या ऑनलाइन प्रशिक्षणालाही शिक्षकांनी दोन हजार रुपये शुल्क भरलं आहे.

या पार्श्वभूमीवर १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा शिक्षक पात्रता परीक्षेवरचा (टीईटी) निकाल आला. सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाहीतर सेवा सोडायची. पाचपेक्षा कमी उरली असतील तर सेवा राहते, पदोन्नती मिळत नाही. ‘इतकी वर्षं नापासच शिकवत होते’ हा त्यावरचा शेरा चुकीचा आहे. टीईटीची अट ऑगस्ट २०१० मध्ये आली आणि महाराष्ट्रात पहिली परीक्षा २०१३ मध्ये झाली. १९९८ साली डी.एड. करून लागलेल्या बाई ज्या परीक्षेला बसल्याच नाहीत, तिच्यात त्या नापास कशा? परीक्षाच अपमानास्पद आहे, हा काही संघटनांचा सूर मला पटत नाही. मुलांची रोज परीक्षा घेणाऱ्यांनी तो लावू नये. पण दोन वर्षांत पास व्हा म्हणताना अभ्यासाला वेळ आणि मार्गदर्शन कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे.

‘त्यांचे आमदार आहेत की, बोलतील!’

विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार आहेत. मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार या मतदारसंघात माध्यमिक शाळेच्या खालच्या दर्जाच्या संस्थेतल्या शिक्षकांना मत नाही. पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींचं आणि बाईंचं नाव त्या यादीत येतच नाही. मतदान केंद्रावर त्यांची ड्युटी मात्र लागते.