ड्रोन नव्हता, तरी हत्ती जमला

कोकणातल्या कशेळीच्या सड्यावर कातळात खोदलेला हत्ती बहुतेकांनी ड्रोनच्या फोटोतच पाहिलेला असतो. सोंड, पाय, शेपूट, सगळं एका नजरेत. प्रत्यक्ष सड्यावर मात्र माणूस गोंधळतो. हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची खोदचित्रं. पाठीची रेघ धरून चालत गेलं की सोंड मागे राहते. दूर सरकूनही भागत नाही, कारण जमिनीपासून दीड मीटरवर असलेल्या डोळ्यांना १८ मीटरवरची रेघ जेमतेम ५ अंशांच्या कोनात दिसते. आकृती चपटीच होते. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई निदान दोन पावलं मागे जाऊन चूक हेरते. इथे तीही सोय नाही.

संशोधकांच्या अंदाजाने कोकणातली काही कातळशिल्पं दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत. तेव्हा लोखंड नव्हतं आणि जांभ्याचं वरचं कवच टणक. मग ही परग्रहवासीयांनी काढली असतील, या गप्पा सोडून द्या. माणसाचं शरीर त्याहून अद्भुत आहे.

आपले स्नायू आणि सांधे हातपाय कुठे आहेत याची खबर मेंदूला सतत देत असतात, डोळे मिटले तरी. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागेचा नकाशा असतो. उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी चेतते, हे जॉन ओ'कीफ यांनी १९७१मध्ये दाखवलं. २००५मध्ये मोसर दांपत्याच्या चमूला शेजारच्याच भागात जागेचं मोजमाप ठेवणाऱ्या जाळीपेशी सापडल्या. तिघांना २०१४चं नोबेल मिळालं. कातळावर वाकून ठोकणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकदम लागणार: माझा हात कुठे आहे, आणि मी हत्तीच्या कुठल्या भागात उभा आहे. माझ्या मते असं चित्र काढताना माणसाला स्वतःच्या देहाची आणि सड्याची ओळख एकाच वेळी होत जाते. नुसतं बघून ती होत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६च्या प्रयोगांतही लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा ज्यांचं चित्र काढलं ते शब्द लोकांच्या जास्त लक्षात राहिले.

कशेळी, उक्षी, बारसू, देवीहसोळ ही ठिकाणं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीला जाल तेव्हा फोटो आधी पाहू नका. कडेकडेने चालत हत्ती स्वतःच जुळवा. फक्त रेघेवर पाय देऊ नका.