संकोचाला पर्याय

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे ८० हजार स्त्रियांचा बळी घेतला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हा रोग एका रात्रीत उद्भवत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरात ठाण मांडून बसला, तरी कर्करोग होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात. एवढा अवधी हाती असूनही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली आढळली नाही.

कारण सर्वांना ठाऊक आहे, फक्त ते बोलले जात नाही. २०१६ च्या सरकारी आराखड्याने नेमून दिलेल्या तपासणीसाठी स्त्रीला टेबलावर निजून परक्यासमोर अंग उघडे करावे लागते. ज्या आमच्या भगिनी अवेळी रक्तस्राव होऊ लागला तरी 'चवथ होऊन जाऊ दे' म्हणून दिवस ढकलतात, त्यांना नुसता उपदेश करून काय होणार?

यावर आता एक साधा उपाय उपलब्ध आहे. स्त्रीने आडोशाला जाऊन, मऊ टोकाची काडी योनिमार्गात फिरवून स्वतःच नमुना घ्यावा व तो नळीत घालून परिचारिकेच्या स्वाधीन करावा. 'असा नमुना भरवशाचा कसा?' ही शंका डॉक्टरांप्रमाणे त्या स्त्रियांच्याही मनात असते. काडी नीट पोचली की नाही, याची त्यांना धास्ती वाटते. परंतु ही तपासणी पेशींची नसून विषाणूची आहे, आणि तो योनिमार्गातील स्रावातही सापडतो. काडी थेट गर्भाशयमुखाला लागलीच पाहिजे असे नाही. अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २०१८ साली प्रसिद्ध झाली. पीसीआर पद्धतीने तपासलेला असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरला. अन्य काही पद्धतींत मात्र तो उणा पडला. यंत्रांची खरेदी करणाऱ्यांनी हा फरक ध्यानी ठेवावा, कारण स्वस्ताईच्या मोहात येथे जीव जातील. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२२ पासून प्रत्येक पात्र स्त्रीला हा पर्याय खुला केला आहे.

एचपीव्ही तपासणीचे मोल तर आपल्या शेजारीच सिद्ध झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात, ज्या गटाला ही तपासणी एकदाच देऊ केली त्यातील या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. २००९ साली हा निष्कर्ष जगापुढे आला. तेथे नमुने परिचारिकांनी घेतले होते, हे खरे. पण दोषी आढळलेल्या स्त्रियांवर पुढे उपचारही झाले, हे अधिक महत्त्वाचे.

खरी मेख येथेच आहे. विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातात. मात्र अशा स्त्रीला पुढील तपासणीसाठी त्याच टेबलापर्यंत जावे लागते. त्यातच हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढे अर्धवट ज्ञान घरात शिरले की संशयाचे बोट प्रथम तिच्याकडेच वळते. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि तो पतीकडूनही आलेला असू शकतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

म्हणून सत्तरीत, काणकोणात वा अन्यत्र काड्या वाटण्यापूर्वी आरोग्य खात्याने दोन गोष्टी ठरवाव्यात: निकाल सासूच्या वा नवऱ्याच्या हाती न देता त्या स्त्रीलाच कोण सांगणार, आणि पुढील तपासणी कोणत्या इस्पितळात, कोणत्या वारी, कोणती स्त्री-डॉक्टर करणार.