राग बाहेर काढल्याने शमतो का?

राग मनात साठवू नये, तो बाहेर काढला म्हणजे मन मोकळे होते, हा समज इतका रुजला आहे की घरातल्या माणसांवर डाफरणाऱ्यालाही त्यातून समर्थन मिळते. योझेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी 1895 साली भावविरेचनाची, म्हणजे दडपलेली भावना व्यक्त झाली की तिचा निचरा होतो अशी, जी कल्पना मांडली, ती पुढे रोजच्या संतापालाही लावली गेली. प्रयोगांत मात्र ती टिकलेली नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 मधील प्रयोगात 600 विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधांवर मुद्दाम अपमानास्पद शेरे देण्यात आले. नंतर एका गटाने शेरे मारणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून मुष्टियुद्धाच्या सरावाच्या पिशवीवर ठोसे मारले, दुसऱ्याने ते व्यायाम म्हणून मारले आणि तिसरा दोन मिनिटे नुसता बसून राहिला. पुढे त्याच व्यक्तीला कर्कश आवाज ऐकवण्याची मुभा मिळाली, तेव्हा पहिला गट सर्वाधिक आक्रमक ठरला आणि स्वस्थ बसलेला सर्वांत कमी, कारण ठोसे मारताना शरीराची उत्तेजना उतरत नाही आणि अपमानाची उजळणी होत राहते. 154 अभ्यासांच्या 2024 मधील आढाव्यातही दीर्घ श्वसन आणि ध्यान यांनी राग कमी झाला. धावण्याने तो वाढण्याकडेच कल दिसला.

म्हणून राग गिळावा, हा निष्कर्षही तितकाच घातक आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या प्रयोगांत चेहरा कोरा ठेवल्याने नकोशी भावना ओसरली नाही, हृदयावरील ताण मात्र वाढला. पुढे 2003 मध्ये असे आढळले की एकाने भावना दडपली तर समोर बसून बोलणाऱ्याचाही रक्तदाब वाढतो. नात्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे, कारण घरातल्या अबोल्याला समजूतदारपणा मानण्याची सवय सहजी सुटत नाही.

उपयोगी ठरते ते प्रसंगाचे पुनर्मूल्यांकन. आल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून विकसित केलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा पाया हाच आहे: संताप घटनेतून थेट उपजत नाही, तर ‘त्याने असे वागताच कामा नये’ या हट्टाग्रही धारणेतून उपजतो, आणि धारणा तपासता येते.

स्वभावाला औषध नाही, ही उक्तीही अशीच तपासण्याजोगी आहे. 92 दीर्घकालीन अभ्यासांच्या 2006 मधील विश्लेषणात, विशेषतः विशी ते चाळिशीच्या काळात, भावनिक स्थैर्य वाढत गेलेले दिसते. तर 2017 मधील 207 अभ्यासांच्या आढाव्यात, सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारांनी स्वभावात जे बदल झाले, त्यांत सर्वांत मोठा बदल भावनिक स्थैर्यातच आढळला.