वावर नावावर करून देण्याआधी : म्हातारपणाची मिळकत आणि कायदा



उसाच्या नोंदी घेताना आम्हाला सातबारे पाहावे लागतात. त्यात एक गोष्ट वारंवार दिसते. वडिलांच्या नावचे वावर मुलाच्या नावावर होते, मग उसाची नोंद मुलाच्या नावाने होते आणि बिलही मुलाच्याच बँक खात्यात जाते. यात गैर काही नाही. बहुतेक घरांत ते गुण्यागोविंदाने चालते. पण जिथे चालत नाही, तिथे सत्तरी ओलांडलेला माणूस "साहेब, माह्या बिलाचं काय?" असे विचारतो, आणि कागदोपत्री त्याचे बिलच उरलेले नसते. कारखाना नोंदीप्रमाणे पैसे देतो, त्याच्या हातात दुसरे काही नसते. कायद्याच्या हातात मात्र बरेच आहे. पण कागद आधी नीट झालेला असला तरच.

आधी नोकरदाराचे पाहू. सरकारी पेन्शनला १८७१ च्या पेन्शन कायद्यापासून संरक्षण आहे. सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणला तरी त्याला ती पेन्शन जप्त करता येत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० हेच सांगते, आणि भविष्य निर्वाह निधीलाही त्याच्या स्वतःच्या कायद्याने असेच कवच आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पेन्शन ही मालकाने केलेली मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे. म्हणूनच पेन्शनर लोक १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात.

आपल्या सभासदाला मात्र अशी पेन्शन नाही. त्याची पेन्शन म्हणजे त्याचे वावर. ते एका सहीने हातचे जाते, आणि ही सही आता स्वस्तही झाली आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहते घर मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस द्यायचे तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागते. चांगली सवलत आहे, पण तिच्यामुळे घाईही वाढली आहे.

या घाईला आवर घालणारा कायदा म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याचे कलम २३ प्रत्येकाने समजून घ्यावे. साठ वर्षे झालेल्या माणसाने आपली मिळकत बक्षीसपत्राने किंवा अन्य रीतीने दिली, देताना घेणाऱ्याने आपला सांभाळ करावा अशी अट घातली, आणि पुढे घेणारा ती पाळीनासा झाला, तर तो व्यवहार फसवणुकीने वा जबरदस्तीने झाला असे मानून रद्द ठरवता येतो. जमीन परत येते.

सगळे अडते ते 'अट' या शब्दावर. आपल्याकडे म्हणतात, "लिखापढी कायले पाहिजे? पोरगं का परकं हाय?" डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले की सांभाळाची अट होती हे सिद्ध झाल्याशिवाय कलम २३ लागू होत नाही. त्या प्रकरणात तशी अट नव्हती, म्हणून आईला दाद मिळाली नाही. उलट जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केले. तिथे मुलाने 'मरेपर्यंत सांभाळीन' असे वचन लिहून दिलेले होते. दोन्ही ठिकाणी आईच होती. फरक पडला तो एका कागदाने.

तेव्हा बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यातच लिहून घ्यावे की, लिहून घेणार याने लिहून देणार व त्यांच्या पत्नीस हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, निवारा व औषधपाणी द्यावे, दरसाल अमुक रक्कम द्यावी आणि त्यात कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे. रक्कम आकड्यात लिहावी. 'योग्य ती' असे मोघम लिहू नये, योग्य काय यावरूनच पुढे भांडण लागते. आमचे स्वतःचे मत विचाराल तर त्याहून सोपा मार्ग मृत्युपत्राचा. वहिवाट मुलाला द्या, सातबारा आपल्या नावावर राहू द्या. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, आणि उसाची नोंद व बिल दोन्ही आपल्याच नावाने राहतात. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी असेल तर स्वतःचा हिस्सा काढून ठेवल्याशिवाय सही करू नये.

ज्यांचे वावर आधीच गेले, त्यांनाही पोटगी मागता येते. त्यासाठी दिवाणी कोर्टात जायची गरज नाही. उपविभागीय अधिकारी हेच या कायद्याखालील न्यायाधिकरण चालवतात. म्हणजे अचलपूर, दर्यापूर, मोर्शी, अकोट, मूर्तिजापूर इथल्या प्रांत कचेरीतच अर्ज द्यायचा. अर्ज स्वतः करावा, नाहीतर दुसऱ्याला अधिकार देऊन करवावा. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो, फार तर तीस दिवस वाढतात. पोटगी महिना दहा हजार रुपयांपर्यंत मिळू शकते. हुकूम होऊनही ती दिली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे. लग्न झालेली मुलगी यातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी संहितेच्या पोटगीबाबत १९८७ मध्येच ठरवले आहे. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक मिळकत वापरतो किंवा जो तिचा वारस होणार, त्याच्यावर बोजा येतो.

कर्जाबद्दल थोडे. कलम ६० शेतकऱ्यालाही काही देते. पैशाच्या हुकूमनाम्यात त्याची अवजारे, गरजेपुरते बैल, बियाणे आणि तो राहतो ते घर यांवर जप्ती येत नाही. पोटगीचा पुढचा हक्कही जप्त होत नाही. पण घर गहाण टाकले असेल तर त्या गहाणापुरते हे कवच चालत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

सरकारी योजनांत श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये पासष्टीनंतर मिळतात, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. ओलिताच्या सभासदाला ती बहुधा आड येते. घरातल्या तरुणांसाठी २०१९ ची प्रधानमंत्री किसान मानधन योजना पाहावी. वय १८ ते ४०, जमीन दोन हेक्टरपर्यंत, वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे आणि तितकेच केंद्र सरकार भरते. साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात.

प्रांत कचेरीत जाताना वयाचा पुरावा, बक्षीसपत्राची नक्कल, आधीचा व आताचा सातबारा आणि फेरफाराचा उतारा न्यावा. पूर्वी ऊस कोणाच्या नावाने नोंदला जात होता आणि बिल कोणाच्या खात्यात जात होते, याचा उतारा हवा असल्यास शेतकी खात्याकडे सभासद क्रमांकासह अर्ज करावा.