दुसऱ्याचा आवाज आणि संमति

कांदिवलीस जुन्या इमारती पाडून नव्या उठत आहेत. एखाद्या संस्थेची पुनर्विकासाची सभा भरते, विकासक तोंडी आश्वासनें देतो, आणि मागल्या बांकावरचा सभासद खिशांतला मोबाईल हळूच चालू करतो. शेजारचे गृहस्थ त्यास दटावतात, "अहो, विचारल्यावांचून आवाज टिपणें हा गुन्हा आहे!" हा समज कितपत खरा?

वस्तुतः अशा सभेंत चोरून टिपण्याचें कारणच पडूं नये. राज्य सरकारनें सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ अन्वयें ४ जुलै २०१९ रोजीं दिलेल्या निर्देशांत पुनर्विकासाच्या विशेष सभेचें चित्रीकरण करण्यास सांगितलें आहे. सभासदानें तें उघड मागावें.

खासगी संभाषणाचा प्रश्न निराळा. त्यावरील दोन प्रमुख निकाल मुंबईच्याच खटल्यांतून निघाले. पहिल्यांत महापालिकेच्या एका कारकुनास लाच देऊं केली होती. यंत्र आंतल्या खोलींत ठेवून ध्वनिग्राहक पुस्तकांआड दडविला होता. नकळत काढलेलें छायाचित्र जसें पुराव्यांत चालतें तसेंच नकळत टिपलेलें बोलणेंही चालेल, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं ठरविलें. मात्र आवाज ओळखला गेला पाहिजे आणि फेरफाराचा संशय उरतां कामा नये.

दुसरा खटला मुंबईचे कॉरोनर, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणारे अधिकारी, मलकानी यांचा. एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला होता. चौकशींत डॉक्टरास सांभाळून घेण्यासाठीं प्रथम २०,००० व मग १०,००० रुपये मागितल्याचा आरोप होता. ७ ऑक्टोबर १९६४ रोजीं लाचलुचपतविरोधी अधिकाऱ्यांनीं एका डॉक्टरांच्या घरच्या दूरध्वनीस यंत्र जोडून बोलणें टिपलें. यामुळें १८८५ च्या तार अधिनियमाचा भंग झाला, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढें गेली. २२ सप्टेंबर १९७२ रोजीं न्यायालयानें ती फेटाळली. बोलणाऱ्या दोघांपैकीं एकानें स्वखुषीनें यंत्र जोडूं दिलें होतें. परका कोणी मध्यें शिरला नव्हता.

सारी मेख येथेंच आहे. दोघांच्याही नकळत तिसऱ्यानें कान लावला, तर तो सरकार असला तरी त्यास कायद्याचा आधार लागतो. २२ ऑक्टोबर २०१९ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें दूरध्वनि चोरून ऐकण्याचे तीन सरकारी आदेश रद्द करून त्यांखालीं टिपलेलें सारें नष्ट करण्यास फर्माविलें. सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न तेथें मुळांत नव्हताच.

चित्राच्या बाबतींत कायदा अधिक कडक आहे, आणि तें योग्यच होय. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणें, स्त्रीच्या एकांतांतील खासगी क्रियेचें चित्र तिच्या संमतीवांचून घेणाऱ्यास पहिल्याच अपराधास एक ते तीन वर्षें कैद आहे. तिनें चित्र काढूं दिलें, पण इतरांस दाखविण्यास मुभा दिली नाहीं, तरीही तें पसरविणारा अपराधी ठरतो. एका संमतींत दुसरी गृहीत नाहीं, ही गोष्ट पुष्कळ तरुणांच्या गांवींही नसते.

उलट, वर्ध्याच्या पोलीस ठाण्यांत चित्रीकरण केलेल्या इसमावर सरकारी गुपितांच्या कायद्याखालीं भरलेला आरोप नागपूर खंडपीठानें २०२२ सालीं रद्द केला. पोलीस ठाणें हें त्या कायद्यांतील निषिद्ध स्थळ नव्हे.

आतां कांदिवलीच्या त्या सभासदाकडे वळूं. आपल्याशीं झालेलें बोलणें त्यानें टिपलें, म्हणून केवळ तेवढ्यानें तो गुन्हेगार होत नाहीं. परंतु कोर्टांत त्याची नक्कल द्यावयाची, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चें प्रमाणपत्र जोडावें लागतें. येथेंच बहुतेकांची फजिती होते: नवा मोबाईल घेतांना जुना भंगारांत गेलेला असतो, आणि हातीं उरते ती चार जणांकडून फिरून आलेली प्रत.