जुने भिंग, नवा कॅमेरा

चिखलदऱ्याच्या धुक्यात किंवा नरनाळ्याच्या तटबंदीवर छायाचित्रे घेणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या हौशी मंडळींचे वडिलार्जित भिंग नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढताच त्याचा ऑटोफोकस बंद पडतो, तेव्हा दोष बहुधा भिंगाचा नसून दोन यंत्रांमधील कार्यविभागणीचा असतो. निकॉनची १९५९ सालची एफ-जोडणी आजही प्रचारात असली, तरी तिच्या ‘एएफ-डी’ भिंगांत मोटर नाही. कॅमेऱ्यातील मोटर एका लहानशा दांड्याने ही भिंगे फिरविते, आणि डी३००० वा डी५००० मालिकेत ती मोटरच नसल्यामुळे हाताने कडे फिरवून दृश्यदर्शकातील हिरव्या ठिपक्याचा कौल घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कॅननने १९८७ मध्येच जुन्या जोडणीला रजा देऊन मोटर भिंगात बसविली. निर्णय कठोर, पण माझ्या मते दूरदर्शी होता.

मोटर असूनही काम अडत असेल, तर भिंगावरील ऑटोफोकसची कळ तपासावी आणि धातूचे संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. निम्म्या तक्रारींचा निकाल येथेच लागावा. मेळघाटात दूरच्या सांबरासाठी एफ/४ भिंगामागे दुप्पट वर्धक (टेलिकन्व्हर्टर) लावणाऱ्याची अडचण मात्र वेगळी: त्याचे भिंग आता एफ/८ झालेले असते, आणि जुन्या कॅमेऱ्यांतील बहुतेक संवेदक, जे भिंगाच्या दोन विरुद्ध कडांतून येणाऱ्या किरणांची रुजवात घालून अंतर ठरवितात, ते एफ/५.६ पलीकडे भरवशाचे राहत नाहीत. अशा वेळी वर्धक काढावा आणि चित्र मागाहून कापून घ्यावे.