घराजवळचं घुबड : ओळखा आणि राखा



"आमच्या पडवीच्या आढ्यावर रात्री घुबड येऊन बसतं. काही वाईट तर नाही ना? हाकलू का त्याला?" हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्या घरचं बरंवाईट घुबडाला काही ठाऊक नसतं. ते येतं उंदरांसाठी. कणगीखाली, कडब्याच्या गंजीत, उसाच्या फडात उंदीर माजले की मागोमाग घुबड आलंच म्हणून समजा. तेव्हा हाकलायच्या आधी ते कोणतं आहे आणि काय करतं, हे नीट बघा.

ओळखायचं कसं?

आपल्याकडे गावाजवळ मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

पिंगळा : साळुंकीएवढा, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे. आंब्या-वडाच्या ढोलीत जोडीने राहतो. दिवस मावळता मावळता चिरक्या आवाजात कलकलाट करतो. दिव्याच्या खांबाजवळ किडे टिपताना तुम्ही त्याला पाहिलं असेल. भुंगेरे, नाकतोडे, पाली आणि लहान उंदीर हे त्याचं खाणं.

गव्हाणी घुबड : साधारण कावळ्याएवढं. तोंड पांढरं, बदामाच्या आकाराचं. पोट पांढरं, पाठ सोनेरी-करडी. जुना वाडा, देवळाचं शिखर, पडकी विहीर, गोदामाचा माळा ही याची घरं. हे घूं-घूं करत नाही, कर्कश किंचाळतं. पिल्लं फुसफुसतात, म्हणून कोनाड्यात साप शिरला असं वाटून माणसं घाबरतात.

शृंगी घुबड : घारीएवढं मोठं, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे, डोळे नारिंगी. ओढ्याच्या दरडीत आणि खडकाळ माळावर राहतं. त्याचा घुमणारा आवाज रात्री दूरवर ऐकू येतो. ते तुरे म्हणजे कान नव्हेत बरं का! कान पिसांखाली झाकलेले असतात.

शिकार कशी करतं?

घुबडाचे डोळे मोठे असतात, पण खोबणीत फिरत नाहीत. म्हणून ते सबंध मान वळवतं, जवळजवळ पाऊण फेरा. गव्हाणी घुबडाची खरी करामत मात्र कानांत आहे. त्याचं थाळीसारखं तोंड आवाज गोळा करून कानांकडे वळवतं. दोन्ही कान एका रेषेत नसतात, एक किंचित वर असतो. त्यामुळे पाचोळ्यात खसफस झाली की उंदीर किती डावीकडे, किती उजवीकडे, किती खाली, हे त्याला नेमकं कळतं. पूर्ण अंधार केलेल्या खोलीतसुद्धा ते नुसत्या आवाजावर उंदीर पकडतं, हे प्रयोगांत दिसलं आहे.

त्यात पिसं मखमलीसारखी मऊ आणि पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते. त्यामुळे उडताना पंखांचा आवाज होत नाही. उंदराला चाहूल लागेपर्यंत नख्या रुतलेल्या असतात.

पुरावा हातात घ्या

घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत. त्यांची गोळी करून ते तोंडावाटे टाकतं. बसायच्या जागेखाली भिंतीवर पांढरी विष्ठा आणि जमिनीवर काळपट गोळ्या दिसल्या, की घुबड वस्तीला आहे हे नक्की. एक गोळी पाण्यात भिजवून काडीने उकला. आत उंदरांच्या कवट्या आणि जबडे सापडतील. कवट्या मोजा, म्हणजे किती उंदीर गेले ते कळेल. नंतर हात साबणाने धुवा. हा हिशेब घरच्या मंडळींनाही दाखवा. पुष्कळांची भीती तिथेच जाईल.

मग करायचं काय?

१. कोनाड्यात अंडी-पिल्लं असतील तर तो बुजवू नका. गव्हाणी घुबड चार ते सात अंडी घालतं. उबवायला महिना आणि पिल्लं उडायला सुमारे दोन महिने लागतात. एवढे तीन महिने कळ काढा. या दिवसांत आईबाप रात्रभर उंदरांच्या खेपा घालत असतात.

२. घुबडाला बिळात शिरता येत नाही. उंदीर उघड्यावर आला तरच ते धरतं. म्हणून बांधावरचं गवत काढा. शेतात टी आकाराचे पक्षिथांबे उभे करा. दिवसा त्यावर बसून कोतवाल अळ्या टिपेल, रात्री घुबड उंदीर टिपेल.

३. विषाची फार काळजी घ्या. ब्रोमॅडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन हिंडतो आणि घुबडाच्या तावडीत सहज सापडतो. असे उंदीर खाऊन घुबडही मरतं. मग पुढच्या हंगामात उंदीर वाढतात, राखणदार मात्र उरत नाही. घुबडाचं घरटं जवळ असेल तर सापळे लावा. विष वापरणं भागच असेल तर संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील, तेवढ्यांतच आमिष घाला आणि तोंड बंद करा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा.

एकटं घुबड सगळे उंदीर संपवील असं मी म्हणणार नाही. सापळे आणि बांधांची स्वच्छता हवीच. पण रात्री तुम्ही झोपलेले असता तेव्हा विनामोल काम करणारा हा गडी आहे.

घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून झिजवतं आणि दगडाबरोबर मारणारा माणूसही झिजतो, असं जुनी माणसं सांगतात. हे काही खरं नाही. पण दगड मारू नये, एवढं मात्र अगदी खरं. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं मागत कोणी गावात आलं तर पाठीशी घालू नका, वन विभागाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे.

तेव्हा आज रात्री आढ्यावर घुबड बसलं तर काठी उचलू नका. दिवा बारीक करा आणि गुपचूप बघत बसा. सकाळी खालची गोळी उकला.

रामराम!